जिताड्याचं तोंड उघडताना: हॅचरीतले तीन दिवस

माशांची पिल्लं तयार करतात त्या हॅचरीत पोचलो तेव्हा जिताड्याची, म्हणजे खाडीतल्या त्या माशाची, पिल्लं अंड्यातून बाहेर पडून जेमतेम सहा तास झाले होते. पहिल्याच दिवशी त्यांचं तोंड उघडताना पाहायला मिळेल अशी माझी समजूत होती. काय मिळणार! दीड मिलिमीटरची पारदर्शक काडी, पोटाला तिच्या मानाने अवाढव्य पीतक पिशवी (अंड्यातल्या बलकाची शिदोरी), डोळ्यांत रंग नाही आणि तोंडाच्या जागी नुसती कातडी.

त्यामुळे जाणाऱ्यांनी आधी प्रजात आणि पाण्याचं तापमान विचारून घ्यावं, तिकिटं मग काढावीत. २८ अंशांच्या आसपास जिताड्याचं तोंड दुसऱ्या दिवशी उघडतं. झेब्राफिशचं तोंड फलनानंतर साधारण ७२ तासांनी पुढे आलेलं दिसतं, पण ती खायला लागते पाचव्या दिवशी. थंड पाण्यातल्या हॅलिबट माशासाठी जाणार असाल तर महिन्याहून जास्त रजा टाका. त्याची पिल्लं तेवढे दिवस पीतकावरच काढतात.

दुसऱ्या रात्री मी झोपलो, तिथेच चुकलो. सकाळी बघतो तर निम्म्या पिल्लांची तोंडं उघडलेली. दिवस मोजू नका, तास मोजा. शक्य असेल तर दोघं जा आणि पाळी लावा.

उघडलेलं तोंड पाहून मी लगेच रोटिफर, म्हणजे पिल्लांचं खाणं असलेले सूक्ष्म जीव, सोडायला निघालो होतो. तिथल्या जुन्या कामगाराने अडवलं. "भोक पडलंय फक्त, जबडा कुठे हलतोय?" त्याचं बरोबर होतं. खालच्या जबड्यात तेव्हा हाड नसतं, मेकेलची कूर्चा म्हणतात त्या मऊ, लवचीक ऊतीची एक बारीक दांडी असते. तोंड उघडून घशाखालचा कूर्चेचा पट्टा खाली ओढला गेला की आत पाणी खेचलं जातं आणि त्याबरोबर भक्ष्य. या मापाच्या जिवाला पाणी मधासारखं दाट लागतं, त्यामुळे सुरुवातीचे बहुतेक हल्ले फसतात. ते फसणं पाहण्यात माझे दोन तास गेले आणि सगळ्या मुक्कामात तेच मला सर्वांत आवडलं. पिल्लू शेपटी इंग्रजी एससारखी वाकवतं, झेपावतं, आणि रोटिफर बाजूने आरामात निघून जातो.

जबडा हलू लागल्यावर मात्र उशीर नको. पीतक संपत आलेलं असतं, आणि उपासमार एका मर्यादेपलीकडे गेली की नंतर समोर खाणं असूनही पिल्लाला ते घेता येत नाही.

मोजमापाला खोलगट काचपट्टी न्या. पिल्लू कुशीवर निजवायला मिथाइल सेल्युलोजचा थेंब उपयोगी पडतो. वरच्या जबड्याची लांबी मोजून तिला १.४१ ने गुणायचं. तोंड ९० अंशांत उघडतं असं धरून शिरोता या संशोधकांनी १९७० मध्ये मांडलेला हा हिशेब आहे. जबडा ०.२ मिमी असेल तर तोंड सुमारे ०.२८ मिमी. पण भक्ष्य त्याच्या निम्म्या मापाचंच धरा, म्हणजे बारीक जातीचा रोटिफर. आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची) पिल्लं अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास असतात, ती एवढ्यात दाखवूही नका.

सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याचं मात्र सांभाळा. काचपट्टीवरचं थेंबभर पाणी झटकन तापतं. माझी पहिली तीन पिल्लं अशीच गेली. दिवा फक्त बघण्यापुरता लावा.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका पिल्लाच्या आतड्यात करडा ठिपका दिसला. तो हलत होता.