तुम्ही विचारलंत म्हणून: 'क्लोज टू द एज' माझ्या यादीत का नाही

प्रोग्रेसिव्ह रॉकमधले, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकमधले, तुमचे सगळ्यात आवडते अल्बम कुठले, असं कुणी विचारलं की मी पाच नावं सांगते. किंग क्रिम्झनचा 'रेड', रॉबर्ट वायटचा 'रॉक बॉटम', व्हॅन डर ग्राफ जनरेटरचा 'गॉडब्लफ', जेनेसिसचा 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' आणि पिंक फ्लॉइडचा 'विश यू वर हिअर'. इथपर्यंत सगळं ठीक असतं. मग पुढचा प्रश्न येतो, आणि तो दर वेळी तोच असतो. 'येस' या बँडचा 'क्लोज टू द एज' कुठे गेला? या संगीताचं शिखर तेच, असं तुम्हीच लिहिलं होतंत ना?

लिहिलं होतं, आणि त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. १९७२ साली पाच जणांनी अठरा मिनिटांच्या एका गाण्यात जे बांधलं, ते पुढे खुद्द 'येस'लाही तसं पुन्हा जमलं नाही. स्टीव्ह हाउची गिटार आणि ख्रिस स्क्वायरचा बेस दोन दिशांना धावत असतात, ड्रमवर बिल ब्रुफोर्ड त्या दोघांच्या मध्ये तिसराच हिशोब मांडत असतो, आणि तरीही गाणं कुठे उसवत नाही. मधल्या संथ भागातला तो प्रचंड ऑर्गन लंडनमधल्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमध्ये रेकॉर्ड केला होता. रेकॉर्डिंग संपताच ब्रुफोर्डने बँड सोडला आणि तो किंग क्रिम्झनमध्ये गेला. म्हणजे माझ्या आजच्या यादीतल्या पहिल्या अल्बमवरही ड्रम त्याचेच आहेत. हे सगळं मला माहीत आहे. 'नीट ऐका म्हणजे कळेल' असा सल्ला मला अनेकदा मिळाला आहे, म्हणून सांगते: मी तो नीट ऐकला आहे.

बाकीचे दोन नेहमीचे आक्षेप आधी मिटवते. 'डार्क साइड ऑफ द मून' माझ्या यादीत कधीच नव्हता. तो मोठा अल्बम आहे, पण फ्लॉइडच्या १९७५ च्या अल्बममध्ये जी पोकळी आहे, एक माणूस हरवल्याची, ती मला १९७३ च्या त्या अल्बममध्ये सापडत नाही. आणि 'येस'चाच 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' आपल्याकडच्या श्रोत्याला आवडलाच पाहिजे, हा आग्रह मला मान्य नाही. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली एक तळटीप 'येस'चा गायक जॉन अँडरसन याने वाचली, त्यात श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र यांची ओळख होती, आणि त्यावरून रेकॉर्डच्या चार बाजूंची चार गाणी झाली. विषय आपल्या ओळखीचा आहे म्हणून गाणं जवळचं होत नाही. चौथी बाजू मला आवडते. पहिल्या तिन्हींत सुंदर जागा आहेत, पण त्या जागांपर्यंत पोचायला फार चालावं लागतं.

आता मुख्य प्रश्न. आजवर मी तो टोलवत आले. आवड बदलते, वय वाढतं, काहीतरी बोलून विषय बदलायचा. एकदा पूर्ण उत्तर देते.

एका सकाळी उठले तेव्हा डावा कान बंद झाला होता. पोहून आल्यावर कानात पाणी राहतं, तसं वाटत होतं, आणि आत एक बारीक शिट्टी सुरू होती. दुखत काहीच नव्हतं. मी हेडफोन लावले आणि 'क्लोज टू द एज' सुरू केला. तोच, कारण तो मला पाठ होता. कुठल्या क्षणी कुठल्या बाजूला काय ऐकू येतं, ते मी झोपेतही सांगितलं असतं. सुरुवातीचं पाणी आणि पक्ष्यांची किलबिल हळूहळू मोठी होत आली, पण फक्त उजवीकडे. मग तिथे सगळा बँड एकदम सुटतो. त्या क्षणी डाव्या कानात नुसती खरखर आली, आणि त्या खरखरीच्या आत कुठेतरी तेच गाणं, पण उतरलेल्या सुरात. अँडरसन गायला लागला, तर उजवीकडे त्याचा आवाज होता तिथे होता आणि डावीकडे त्याहून खाली. एका माणसाचा एकच शब्द दोन पट्ट्यांत.

मला वाटलं, हेडफोनची वायर गेली. मी ते काढले आणि उलटे लावले. बिघाड हेडफोनमध्ये असता तर खरखर उजव्या कानात गेली असती. ती डाव्यातच राहिली. पुन्हा सरळ लावले, पुन्हा उलटे. गाणं पुढे जात होतं, माझे हात तेवढंच करत होते, आणि उत्तर तेच येत होतं. हे कळायला खरं तर एकदा उलटं करणं पुरेसं होतं. पण मी संथ भाग येईपर्यंत तेच करत राहिले. मग ऑर्गन सुरू झाला. तो एक ऑर्गन राहिला नव्हता. एकमेकांशी न जुळणारे दोन ऑर्गन एकाच वेळी वाजत होते, आणि ज्या जागेसाठी मी इतकी वर्षं ते गाणं लावत आले, ती जागा मला ऐकवेना. मी ते तिथेच थांबवलं.

डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क कपाळाच्या मध्यावर टेकवला आणि आवाज कुठे येतो ते विचारलं. उजवीकडे, मी म्हटलं. मग काचेच्या खोलीत बसवून कानाची तपासणी झाली. कागदावरची डाव्या कानाची रेघ खालच्या सुरांपाशी बरी होती आणि वरच्या सुरांकडे जाताना कोसळली होती. आतल्या कानाला अचानक बहिरेपणा येतो, बहुतेकदा कारण सापडत नाही, असं त्यांनी सांगितलं. स्टिरॉइडच्या गोळ्या झाल्या, मग पडद्यातून आत दिलेली इंजेक्शनं झाली. रेघ थोडी वर आली आणि तिथे थांबली. 'दुसरा कान उत्तम आहे, बोलणं व्यवस्थित ऐकू येईल,' डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, आणि गाणं? ते म्हणाले, गाणंही ऐकू येईल. ते प्रेमाने बोलले होते. त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

ऐकू येतं, पण कसं, ते सांगते. हळू आवाज त्या कानाला पोचत नाही आणि मोठा आवाज एकदम असह्य होतो. मधली जागाच उरलेली नाही. म्हणून फोनवर मोनोची, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करायची, सोय आहे ती चालू करायची, डावी बाजू बंद ठेवायची आणि उजव्या कानाने ऐकायचं. मग एकही सूर हरवत नाही, पण सगळे एकाच दारातून एकदम आत येतात. दोन कान होते तेव्हा मी हाउकडे लक्ष दिलं तरी स्क्वायर त्याच्या जागी असायचा, हवा तेव्हा तिकडे वळता यायचं. आता दोघांना जागाच नाही, दोघेही एकमेकांच्या अंगावर. 'क्लोज टू द एज'चा सगळा जीव त्या मोकळ्या जागांमध्ये आहे. स्टीव्हन विल्सनने २०१३ साली त्याचं नवं मिक्स केलं, चहूबाजूंच्या स्पीकरांसाठी सराउंडसुद्धा केलं, आणि माहीतगार मित्र सांगतात की त्यात पूर्वी न ऐकलेले थर उलगडतात. त्यांचं खरं असणार. मला ते सांगू नका, एवढीच विनंती आहे.

बराच काळ मी काहीच ऐकलं नाही. परत आले ती 'सेलिंग इंग्लंड'च्या वाटेने. पहिलं गाणं पीटर गॅब्रिएलच्या एकट्या आवाजाने सुरू होतं. साथीला एकही वाद्य नाही. एक आवाज, त्याच्या मागे काही नाही. तेवढं मला न अडखळता ऐकता आलं आणि मी रडले. पुढे 'फर्थ ऑफ फिफ्थ'मध्ये टोनी बँक्सचा पियानो एकटाच येतो, स्टीव्ह हॅकेटची गिटार पुष्कळ उशिरा येते, आणि येते तेव्हा सगळे तिला वाट करून देतात. हा अल्बम मला आधीही आवडायचा. पहिल्या पाचांत नव्हता.

'रेड' मात्र होता, आधीपासून. म्हणून ज्या मोजक्या लोकांना माझ्या कानाचं माहीत आहे, ते 'बरोबर, आता तुला दाट आणि जड संगीतच झेपणार' असं म्हणतात तेव्हा माझा संयम सुटतो. 'स्टारलेस'वर माझा जीव दोन्ही कान शाबूत असताना जडला होता. त्यातला मधला भाग घ्या: तेरा मात्रांचा ठेका, जॉन वेटनचा बेस तोच तो आकार पुन्हा पुन्हा काढतो, रॉबर्ट फ्रिप जवळजवळ एकाच सुरावर बोट ठेवून बसतो आणि तो सूर इतका हळूहळू वर सरकवतो की आपण श्वास रोखलाय हे आपल्यालाच उशिरा कळतं. ब्रुफोर्ड भोवती लहान लहान आवाज पेरत राहतो. मग सगळं फुटतं आणि शेवटी सुरुवातीची चाल परत येते. १९७४ साली हा अल्बम बाजारात येण्याआधीच फ्रिपने बँड मोडून टाकला होता. यात माझ्या कानाचा काय संबंध?

पण एक संबंध आहे, आणि तोही सांगायला हवा. 'स्टारलेस'च्या सुरुवातीला मेलोट्रॉन आहे. त्या वाद्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो, त्यावर खऱ्या व्हायोलिनचा सूर रेकॉर्ड केलेला; साधारण आठ सेकंदांत टेप संपते, मग बोट उचलावंच लागतं. त्या टेपा अगदी एका गतीने फिरत नाहीत, म्हणून मेलोट्रॉनचा सूर नेहमी किंचित हलतो. माझा डावा कान त्याला अजून थोडा हलवतो, आणि बिघडत काही नाही. स्पीकरवर, दोन्ही कान उघडे ठेवून, मला आज जे थोडं सहन होतं त्यात मेलोट्रॉन आहे. हे कळलं त्या दिवशी 'रेड' दुसऱ्या जागेवरून पहिल्या जागेवर गेला. तो फ्रिपमुळे गेला की टेपच्या डळमळण्यामुळे, याचा निवाडा मला करता येत नाही.

'गॉडब्लफ'चं तर याहून अवघड आहे. पूर्वी त्यातला गायक पीटर हॅमिल याचं गाणं मला ओरडणं वाटायचं. तेव्हाच्या मला विचारलं असतं तर तिने हा अल्बम पन्नासांतही घेतला नसता. आता फ्लूटच्या मागून कुजबुजीत येणारा त्याचा पहिला आवाज ऐकला की मी हातातलं काम सोडते. कदाचित त्यात चारच माणसं आहेत आणि गिटारची गर्दी जवळपास नाही, म्हणून. कदाचित तुटायला आलेला आवाज तुटू न देता गायचा असतो, हे मला आता कळतं, म्हणून.

रॉबर्ट वायट १९७३ च्या जूनमध्ये एका पार्टीत खिडकीतून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. त्याचं ड्रम वाजवणं, निदान पूर्वीसारखं, संपलं. पुढच्या वर्षी पिंक फ्लॉइडच्या निक मेसनच्या निर्मितीत 'रॉक बॉटम' आला. तेव्हापासून लोक त्यातल्या प्रत्येक सुरात तो अपघात ऐकतात. पण वायटने स्वतः सांगितलं आहे की त्यातलं बरंचसं पडण्याआधीच, व्हेनिसमध्ये असताना सुचलेलं होतं. मला या तपशिलाचा फार आधार वाटतो. माणसावर काही कोसळलं की त्याचं मागचं-पुढचं सगळं त्या एका गोष्टीने समजावून टाकायची घाई होते, आणि तो अल्बम त्या घाईला दाद देत नाही. तरीही 'सी साँग'च्या शेवटी तो शब्द सोडून नुसता आवाज लावत जातो, तेव्हा मीही तोच अपघात ऐकते. मला ते टाळता येत नाही.

पूर्वीची मी एक वहीच ठेवत असे आणि तिचा नियम कडक होता: जो अल्बम सर्वांत उत्तम, तोच सर्वांत आवडता असला पाहिजे, नाहीतर आवड म्हणजे नुसता आळस. या नियमाने 'क्लोज टू द एज' आजही पहिलाच येतो. त्या पूर्वीच्या 'मी'ला आताची मी सांगते की ज्या गाण्यापाशी मला जाता येत नाही, ते आवडतं कसं म्हणू? ती म्हणते, तुला जाता येत नाही हा गाण्याचा दोष आहे का? नाही. मग यादीतून का काढलंस? माझ्याकडे एकच उत्तर आहे: यादीत ठेवलं की लोक त्याबद्दल बोलायला लागतात, आणि मला आठवणीतल्या गाण्याबद्दल बोलावं लागतं, जणू ते मी कालच ऐकलं. ते मला जमत नाही. तिला हे उत्तर पटत नाही, आणि तिची बाजू कमकुवत आहे असं मलाही वाटत नाही.

अलीकडे त्याच अल्बमची दुसरी बाजू मी अधूनमधून लावते. 'अँड यू अँड आय' गिटारच्या हलक्या, सुट्या सुरांनी उघडतं आणि पहिली काही मिनिटं मला सोबत चालता येतं. पुढे बँड भरून येतो तिथे डावी बाजू बंद करावी लागते. 'सायबेरियन खात्रू' अजून जमलेलं नाही. पहिल्या बाजूला मी हात लावलेला नाही. तेव्हा पुढच्या वेळी विचाराल तर पाच नावं कदाचित हीच असतील, कदाचित नसतील. फक्त 'तुम्हीच लिहिलं होतंत' हे वाक्य आता नको.