मासा वस्तू आहे का?

परवा कोर्टातून निघताना आमच्या ऑफिसच्या ज्युनियरनी विचारलं, मॅडम, कायद्यात लिहिलंय तेच वाचायचं नं, मग जज लोक अर्थ लावतात म्हणजे नेमकं करतात काय? सिव्हिल लाईन्सच्या रस्त्यावर चहा घेता घेता मी तिला अमेरिकेतला माशांचा खटला सांगितला, येट्स विरुद्ध युनायटेड स्टेट्स.

2007 मध्ये मेक्सिकोच्या आखातात एका बोटीवर 20 इंचांपेक्षा लहान, म्हणजे पकडायला बंदी असलेले 72 ग्रूपर मासे सापडले. अधिकाऱ्यानी ते वेगळे काढून बंदरावर आणायला सांगितलं, पण बोटीच्या कॅप्टननी ते आपल्या माणसाकडून समुद्रात फेकायला लावले. आता केस लागली कुठे, तर सार्बेन्स-ऑक्सली कायद्यात, जो एन्रॉन ही बडी अमेरिकन कंपनी बुडाल्यावर 2002 मध्ये कंपन्यांचे हिशेबाचे घोटाळे रोखायला आणला होता, आणि त्यात रेकॉर्ड, डॉक्युमेंट किंवा मूर्त वस्तू नष्ट केली तर 20 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सरकारी पक्ष म्हणे मासा हातात धरता येतो, मग झाली मूर्त वस्तू. खालच्या कोर्टात 30 दिवसांची शिक्षा झाली पण गुन्हेगाराचा शिक्का बसला तो बसलाच, म्हणून तो माणूस वरपर्यंत लढला आणि 2015 मध्ये सुप्रीम कोर्टात 5 विरुद्ध 4 नी जिंकला. जस्टिस गिन्सबर्ग यांनी लिहिलं की हा शब्द रेकॉर्ड आणि डॉक्युमेंटच्या शेजारी बसलाय, तर त्याचा अर्थही त्याच जातीचा, माहिती साठवणारी वस्तू. जस्टिस केगन विरोधात होत्या. शिक्षा फार कडक आहे हे त्यांनाही मान्य होतं, पण शब्द सरळ आहे, तो बदलायचा तर तिथल्या संसदेनी बदलावा, कोर्टानी नाही. मला निकाल गिन्सबर्ग यांचा पटतो, पण केगन यांचं लिखाण प्रत्येक वकिलानी वाचावं असं मनापासून वाटतं.

असाच तिथलाच 1893 चा टोमॅटोचा खटला. आयात भाजीवर 10 टक्के ड्युटी होती, व्यापारी म्हणाला टोमॅटो हे फळ आहे, कोर्टात डिक्शनऱ्या वाचून दाखवल्या. कोर्ट म्हणालं, शास्त्रात फळ असेल, पण लोक तो जेवणात खातात, म्हणून भाजी. आपल्या कॉटन मार्केटातली भाजीवाली पण हेच सांगेल.

यावर ज्युनियर म्हणाली, म्हणजे फौजदारी कायद्यात शब्दाचा अर्थ लहानच धरायचा नं? तिथे मला थांबावं लागलं, कारण जानेवारी 2021 आठवला. मुंबई हायकोर्टाच्या आपल्याच नागपूर खंडपीठानी पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याच्या, कलम 7 मधल्या शारीरिक संपर्काचा अर्थ त्वचेला त्वचेचा स्पर्श असा लावला, शिक्षा कडक आहे म्हणून पुरावाही तसाच कडक हवा म्हटलं, आणि 12 वर्षांच्या मुलीला कपड्यांवरून हात लावणारा पोक्सोतून सुटला, फक्त भादंविचं (भारतीय दंड विधान) 354, म्हणजे विनयभंग, आणि 342, म्हणजे डांबून ठेवणं, एवढंच उरलं. ती ऑर्डर वाचून माझा जीव कासावीस झाला होता, कारण पद्धत तीच, कडक शिक्षा बघून शब्द आवळायचा, तिकडे मासेमार सुटला आणि इकडे लेकरू उघडं पडलं. नोव्हेंबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानी तो निकाल फिरवला, म्हणाले इथे लैंगिक हेतू महत्त्वाचा, आणि कायद्याचा उद्देशच मारून टाकणारा अर्थ लावता येत नाही.

ज्युनियर बराच वेळ गप्प होती. मग तिनी पर्समधून बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याच्या नुसत्या कलमांचं पुस्तक, काढला, उद्याच्या आमच्या मॅटरचं कलम उघडलं आणि म्हणाली, मॅडम, हा कायदा आणला तेव्हा बिलासोबत उद्देश आणि कारणं दिली असतील नं, ती कुठे मिळतील?