इयत्ता : लागू नाही

आर्ट थेरपीबद्दल, म्हणजे कलेच्या आधाराने मनावर होणाऱ्या उपचाराबद्दल, लिहायचं तर खरं म्हणजे रंगांबद्दल, मातीबद्दल लिहायला हवं. पण माझ्या डोक्यातून नोंदणीचा तो फॉर्म अजून जात नाही, त्यामुळे आधी तो राग काढून घेते.

आई गेल्यावर बाबा बोलेनासे झाले. विचारलं तर ‘हो’, ‘नको’, ‘ठेव तिथे’, एवढंच. समुपदेशकांकडे नेलं, तिथेही ‘ठीक आहे’च्या पुढे गाडी सरकेना. शेवटी त्या बाईंनीच सुचवलं, की बोलून सांगता येत नसेल तर आर्ट थेरपी करून बघा. बाबांचं म्हणणं, ‘मला साधं घर काढता येत नाही.’ मी त्यांना 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाबद्दल सांगितलं. 39 प्रौढांना 45 मिनिटं रंग, माती, कात्रणं असं हवं ते करायला दिलं, तर साधारण तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं. आणि आधी चित्रकला येत होती की नाही याने फरक पडला नाही. अभ्यास लहान होता, माणसं निरोगी होती, त्यामुळे त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण बाबांना आकडे पटतात. आयुष्यभर हिशेब तपासलेत त्यांनी. तयार झाले.

मग थेरपी केंद्रातली नोंदणीची ती खिडकी.

फॉर्मवर पहिला रकाना ‘पाल्याचे नाव’. खाली ‘इयत्ता’. त्याखाली ‘वर्गशिक्षकांचा शेरा’. बाबांचं वय 78. मी म्हटलं, मोठ्यांचा फॉर्म द्या. उत्तर आलं, ‘हे मुलांचंच असतं.’ मागच्या भिंतीवर त्यांचाच फलक होता, ‘सर्व वयोगटांसाठी’. तो दाखवला तर खिडकीतल्या बाईंनी मान वळवून असा वाचला, जणू रात्रीत कोणी लावून गेलंय.

मुलांचंच! ‘आर्ट थेरपी’ हा शब्दप्रयोग 1942 मध्ये पुढे आणला तो एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने. क्षयरोगाने सॅनटोरियममध्ये पडून असताना तो चित्रं काढत सावरला आणि मग आजूबाजूच्या रुग्णांच्या हातातही त्याने पेन्सिली दिल्या. त्याने स्वतः चाळिशी ओलांडलेली होती. हे सगळं खिडकीत सांगून उपयोग नव्हता, पण मी सांगितलं.

‘मोठ्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी लागेल. आजाराचं निदान लिहिलेली.’ ठीक. तिथली वेळ मिळेपर्यंत वाट पाहिली. डॉक्टरांनी नीट वेळ देऊन तपासलं आणि म्हणाले, ‘हे दुःख आहे, आजार नाही. औषधाची गरज नाही. निदान म्हणून मी काय लिहू?’ इतकी चांगली बातमी घेऊन मी खिडकीवर गेले, तर म्हणे निदान नाही तर नोंदणी नाही. म्हणजे बाबा अजून थोडे बिघडले असते तर काम झालं असतं!

पुढच्या खेपेला खिडकीत दुसरे गृहस्थ होते. ते मदत करायला उत्सुक, पण संगणक तयार नव्हता. वयाच्या रकान्यात 18 च्या पुढचा आकडा तो घेईचना. त्यांनी दोनदा टाकून पाहिला, मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘सध्या 18 टाकतो, मागाहून दुरुस्त करू.’ मी जवळजवळ हो म्हणणार होते. बाबा बाजूलाच उभे होते, खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकून. म्हणाले, ‘खोटं वय लिहायचं नाही. ज्या फॉर्मात माणूस बसत नाही तो फॉर्म चुकीचा आहे, माणूस नाही.’ आई गेल्यापासूनचं त्यांचं ते सगळ्यात लांब वाक्य. राग बाजूला ठेवून मला हसायला आलं. थेरपी सुरू व्हायच्या आत खिडकीनेच त्यांना बोलतं केलं होतं.

त्या बळावर मी वरिष्ठांना भेटायचं म्हटलं आणि एकच मागितलं: हा नियम लेखी दाखवा. बराच वेळ फाइल सापडेना. सापडली तेव्हा त्यात शब्द होते ‘डॉक्टरांची शिफारस’. मानसोपचारतज्ज्ञ नाही, निदान तर नाहीच. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोन ओळी लिहून दिल्या: पत्नीच्या निधनानंतर अबोल, भावनिक आधारासाठी कला उपचार सुचवत आहे. संगणक बाजूला ठेवून वहीत हाताने नोंद झाली. फॉर्म तोच. ‘इयत्ता’पुढे बाबांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘लागू नाही’. त्यामुळे लेखी नियम पहिल्याच दिवशी मागा, माझ्यासारखं थकल्यावर नको. आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स जवळ ठेवा.

थेरपी त्या मानाने सरळ. थेरपिस्ट बाईंनी कोरा कागद पुढे केलाच नाही. जुनी मासिकं, कात्री आणि डिंक दिला. कोऱ्या कागदाची मोठ्या माणसांना धास्ती वाटते म्हणे, आणि पातळ रंग पसरतात तसं मनही एकदम सैल सुटू शकतं. कात्रणं, पेन्सिल यांच्यावर आपला ताबा राहतो, म्हणून सुरुवात तिथून. ओले रंग, माती नंतर, माणूस बघून. बाबांनी मागितली पट्टी. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, अहो मोकळं काढा. बाईंनी पट्टी दिली. त्यांनी समास आखला, रकाने आखले, खातेवहीसारखे, आणि चौकटी रंगवत बसले. बऱ्याच सत्रांनंतर घरी येताना त्यांनी आपणहून सांगितलं, की राखाडी चौकटी म्हणजे आईच्या आजारपणाचे महिने. ‘मोजून झाले,’ म्हणाले. मी काही विचारलं नाही.

न विचारणं हे मला शिकवावं लागलं. ‘काय काढलंत आज?’ हा प्रश्न घरी टाळायचा. ‘वा, छान!’ सुद्धा टाळायचं, कारण मग पुढचं चित्र आपल्याला आवडावं म्हणून काढलं जातं. चित्राचा अर्थ लावत बसणं तर नकोच. काळा रंग वापरला म्हणजे नैराश्य, असली कोष्टकं फिरत असतात. चांगला थेरपिस्ट ती वापरत नाही, काढणाऱ्यालाच विचारतो. हीच एक परीक्षा म्हणून धरा. चित्रकलेचे शिक्षक आणि आर्ट थेरपिस्ट यांत फरक आहे, तेव्हा मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण कुठे घेतलं हे बिनदिक्कत विचारा. रंगवायची तयार पुस्तकं मन शांत करतात, मीही वापरते, पण ती थेरपी नव्हे.

कपडे जुने घालून जायचं, हे आधी लिहायला हवं होतं. मातीच्या दिवशी बाबांच्या बाह्या कोपरापर्यंत भरल्या आणि त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही, हे माझ्यासाठी नवल.

आणि जे घरी बसून हे वाचताहेत, ज्यांच्या घरचं माणूस जेवणखाण, झोप सोडून बसलंय किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलतंय, त्यांनी कृपया चित्रांची वाट धरण्याआधी डॉक्टरांकडे जावं. आमचं प्रकरण त्यातलं नव्हतं, हे आधी तपासून घेतलं होतं.

चित्रं कोण ठेवतं, कोण बघतं, फोटो काढतात का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. आमच्याकडे ती थेरपिस्टच्या कपाटात बाबांच्या नावाच्या फाइलमध्ये असतात आणि त्यांच्या परवानगीशिवाय मलाही दाखवत नाहीत. थेरपी संपल्यावर फाइल बाबांचीच. घरी आणायची की नाही, ते त्यांनी अजून ठरवलेलं नाही.