उजेडाला पाण्यात काय दिसतं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जळगावात पाणी तपासायचं काम करतो म्हटलं, की लग्नाच्या पंगतीतसुद्धा प्रश्न येतोच: "नुसता उजेड पाडून पाण्यातली घाण कशी ओळखता हो?"

आजोळच्या धाब्याच्या घरात दुपारी झरोक्यातून ऊन उतरायचं आणि एरवी न दिसणारी धूळ त्या पट्ट्यात नाचायची. आमचं मशीन तेच करतं. काचेच्या कुपीत नमुना, एका बाजूने उजेड, आणि बघणारा डोळा काटकोनात. पाणी नितळ असेल तर उजेड जवळजवळ सगळा सरळ निघून जातो. कण असले की थोडा बाजूला उडतो. तो मोजला की गढूळपणा, एनटीयू या एककात. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात मर्यादा 1, दुसरीकडून पाणी मिळतच नसेल तर 5. तापीला पूर आला की हे आकडे विसरायचे. आधी तुरटी, मग बाकी सगळं.

पण घाण कसली, ते हा आकडा सांगत नाही. माती असो, शेवाळ असो, नळातला गंज असो, 4 म्हणजे 4. त्यासाठी अनेक कोनांतून बघावं लागतं. उजेडाच्या लहरीहून फार बारीक कण पुढे आणि मागे सारखाच उजेड फेकतो, मोठा कण बराचसा पुढे. त्यावरून आकार कळतो. कणाची जात कळायला रामन यांचा 1928 चा शोध: विखुरलेल्या उजेडातला अगदी किंचित भाग रंग बदलून येतो, आणि हा बदल ज्या-त्या पदार्थाचा वेगळा. प्लास्टिकचा कण आणि वाळूचा कण असे निवडता येतात. आमच्याकडे ते यंत्र नाही.

आमच्याकडे मी होतो. नवा असताना, ऐन मे महिन्यात, बर्फाच्या पेटीतला नमुना तसाच मशीनमध्ये ठेवला. काचेवर दव, आत बुडबुडे. बुडबुडाही उजेड फेकतो. चांगल्या विहिरीला मी गढूळ ठरवून मोकळा.

आत्याच्या बोअरचं पाणी मात्र आरशासारखं. मशीनवर 0.4. हंड्याला पांढरा थर, डाळ शिजता शिजत नाही. विरघळलेले क्षार, नायट्रेट यांची या उजेडाला दादच नाही. आत्या विचारते, "मंग पानी चांगलं शे ना?"

मी दुसरी बाटली मागतो.