फॉर्मवर व्यवसाय लिहिला नव्हता

वाशीतल्या आमच्या लॅबमध्ये ब्लड कल्चरची (रक्तातले जंतू वाढवून बघायची) ती बाटली पॉझिटिव्ह आली तिसऱ्या दिवशी. ई. कोलायसारखे नेहमीचे जंतू असते तर बहुधा पहिल्याच दिवशी मशीन वाजलं असतं. ग्राम स्टेनमध्ये (जंतू रंगवून बघतात ते) फिकट गुलाबी कोकोबॅसिलाय, म्हणजे आखूड दांड्यांसारखे जंतू, इतके बारीक की रंगाचा गाळ बसलाय असं वाटावं. फॉर्मवर एवढंच: 'ताप, ३ आठवडे.'

दोन दिवसांनी ब्लड आगरवर (जंतू वाढवायची प्लेट) टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके; मॅकॉन्की ही दुसरी प्लेट कोरी. टेक्निशियनने उघड्या टेबलावरच कॉलनी व्होर्टेक्स करून (यंत्रावर जोरात ढवळून) जंतू ओळखणाऱ्या मशीनला दिली. नाव आलं ऑक्रोबॅक्ट्रम. इथे मी काम थांबवलं. हा ब्रुसेलाचा सख्खा नातलग, त्यामुळे मशीन फसतं. ब्रुसेला म्हणजे गुरांकडून माणसाला लागणारा तापाचा जंतू; गुरांमध्ये त्याने गाभ पडतो. प्लेटला टेप लावून ती सेफ्टी कॅबिनेटमध्ये नेली. युरियाची नळी काही मिनिटांतच गुलाबी झाली, ही ब्रुसेलाची खूण. कोणतं औषध लागू पडेल ते बघणारी सेन्सिटिव्हिटी चाचणी रद्द केली. कल्चर नीट बंद करून रेफरन्स लॅबला. वॉर्डला फोन लावला तेव्हा कळलं, रुग्ण तबेल्यात कामाला. म्हशीने गाभ टाकला होता, वार यानेच हाताने काढली होती.

ब्रुसेला तिसऱ्या जोखीम गटात (जंतू किती धोक्याचा, यावरून केलेले गट) का, हे नवी मुलं नेहमी विचारतात. गोळ्यांनी बरा होतो, माणसाकडून माणसाला जवळपास लागत नाही. खरं आहे. पण आजार किती जड आणि काम करणाऱ्याला किती सहज लागतो, हेही गट ठरवताना बघतात. श्वासातून १० ते १०० जंतू गेले तरी पुरतात, आणि माणसासाठी आपल्याकडे लस नाही. शिवाय गट जंतूचा असतो, बाटलीवर तो छापून येत नाही. रक्ताचा नमुना दुसऱ्या पातळीच्या लॅबमध्ये चालतो, वाढलेलं कल्चर मात्र तिसऱ्या पातळीच्या काळजीने हाताळायचं.

मग, जंतू श्वासातून गेला असू शकेल अशांची यादी. प्लेट हाताळलेले, टेबलापासून ५ फुटांच्या आतले, आणि व्होर्टेक्स चालू असताना खोलीत असलेले सगळे. "प्लेटचा वास घेतला होतास का?" टेक्निशियनने मान खाली घातली. (जुनी खोड, स्यूडोमोनास या जंतूच्या वासाने लावलेली.) लागण होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लीन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, रिफॅम्पिसिन ६०० मिग्रॅ एकदा, २१ दिवस. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर घाबरून लोक गोळ्या बंद करतात. अँटिबॉडीसाठी रक्त लगेच, मग ६, १२, १८ आणि २४ आठवड्यांनी.

यादीतलं सहावं नाव टेबल पुसणाऱ्या मावशींचं. लॅबच्या हजेरीत त्यांची नोंदच नव्हती, त्या कंत्राटदाराकडच्या. दुपारी घणसोलीला फोन करून त्यांना बोलावून घेतलं.