आज्जीच्या आठवणी, रेकॉर्डिंग 7 ते 11: मामांचा खरा वाढदिवस सापडला

नमस्कार मंडळी, दोन महिन्यांनी लिहितेय. आज्जीच्या जुन्या आठवणी मी तिच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करून लिहून काढतेय. मागच्या वेळी सहा रेकॉर्डिंगवर होते, आता अकरा झालीत, एकूण सात तास वीस मिनिटं. लिहून काढलेलं मात्र जेमतेम दोन तासांचं आहे. कारण सरळ आहे, एका तासाचं बोलणं उतरवायला मला पाच-सहा तास लागतात. फोनचं व्हॉइस टायपिंग वापरून बघितलं पण ते आज्जीचं ‘व्हतं’ गुपचूप ‘होतं’ करून टाकतं, आणि मला तिचं ‘व्हतं’च हवंय, म्हणून मग हातानेच.

आधी आवाजाचं सांगते. आज्जी नुसती बसवली की बोलत नाही, फोनकडे बघत राहते आणि दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळी होते. म्हणून सातव्या वेळेला तिच्यापुढे भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या, तर काय सुंदर बोलली! पण घरी येऊन हेडफोन लावला तर सगळीकडे नुसतं कडकड कडकड. पदराला क्लिपचा माईक लावला तर पदर घासतोय आणि हात हलला की बांगड्या. शेवटी लसूण सोलायला दिला आणि फोन बाजूला पाटावर, खाली जाडसर घडी घातलेला टॉवेल, पंखा बंद. लसणाचा आवाज होत नाही आणि हात गुंतलेले राहतात. हे ज्यांना जमत नाहीये त्यांनी नक्की करून बघा. रेकॉर्डिंग आता वेव्ह (WAV) फाइलमध्ये करते, त्यात आवाज न दाबता जसाच्या तसा राहतो, मोनो, 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, तासाला साधारण 300 एमबी जागा जाते पण जाऊ दे. भावाला पाठवताना व्हॉट्सॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं. एक कॉपी लॅपटॉपवर, एक हार्डडिस्कवर, आणि एक कराडला भावाकडे.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी खरं तर आज लिहायला बसले.

आज्जीला साल विचारलं की ‘मला काय ठावं’ एवढंच येतं. सुरुवातीला मला वाटायचं की तिला आठवत नाही. तसं नाहीये, तिचं कॅलेंडरच वेगळं आहे. म्हणून मी एक मोठा कागद घेतला आणि त्यावर ज्या गोष्टींच्या तारखा पक्क्या आहेत त्या ओळीने लिहिल्या, कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967, मोठा दुष्काळ 1972, आणीबाणी 1975, मुंबईतला गिरणी संप जानेवारी 1982. आमचं गाव पाटण तालुक्यातलं, कोयना धरण याच तालुक्यात, त्यामुळे भूकंप म्हणजे घरोघरी आधीचं आणि नंतरचं असे दोन काळ. मग प्रश्न असा विचारायचा की हे भूकंपाच्या आधीचं का नंतरचं, तेव्हा कोण कडेवर होतं, कुठलं पीक रानात होतं.

नवव्या रेकॉर्डिंगमध्ये मी विचारलं, भूकंप झाला तेव्हा मधले मामा केवढे होते? मामांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून 1969 आहे. म्हणजे कागदावर ते भूकंपानंतर दीड वर्षाने जन्मले. (1 जून म्हटल्यावर तुमच्यातल्या निम्म्यांना कळलंच असेल, आपल्याकडे एका पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस गुरुजींनी शाळेत नाव घालताना ठरवलाय.) आज्जी लसूण सोलता सोलता म्हणाली, ‘अगं मी बाळंतीण व्हते तवा. दुसऱ्या दिशी बारसं व्हतं. घुगऱ्यांचं हरभरं निवडून ठिवल्यालं, ते समदं मातीत गेलं.’

मी गप्प बसले, मध्ये काही विचारलं नाही. ती सांगत राहिली, पहाटेचं कसं गडगडलं, भिंत कशी आत आली, थंडीत सगळे रानात कसे राहिले, हादरे थांबेनात म्हणून घरात जायला कुणी तयार होईना. बारसं झालंच नाही, हाक मारायला जे नाव घेतलं तेच राहिलं. आणि मग सहज म्हणाली, ‘आवसंला झाला म्हून सासूबाय तोंड फिरवून बसलेल्या, पर भिंत पडली तवा त्येनीच पोराला उचलून भाईर आणला.’

रात्री मी कागद घेऊन बसले. भूकंप सोमवारी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी. बारसं दुसऱ्या दिवशी म्हणजे 12 डिसेंबर, तो बारावा दिवस, मागे मोजत गेलं की जन्म येतो 1 डिसेंबर 1967, शुक्रवार. मग अमावस्या तपासली. कार्तिक अमावस्या त्याच दिवशी! बारशाची आठवण वेगळी, सासूच्या रागाची वेगळी, आणि दोन्ही एकाच तारखेवर येऊन थांबल्या, मला तर रडूच आलं. साठ वर्षं होत आली, आणि जिला आपण ‘तिला तारखा आठवत नाहीत’ म्हणतो तिने दिवससुद्धा चुकवला नव्हता.

मामांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘म्हणजे मी भूकंपातनं वाचलोय व्हय?’ हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

चुलत आज्जीचं म्हणणं मात्र वेगळं, पोराला सासूने नाही, चुलत आजोबांनी बाहेर काढलं. तिचंही रेकॉर्डिंग केलं, अकरावं तेच. दोन्ही तशीच ठेवलीत, यात खरं कोण हे मी ठरवणार नाही. अजून एक, दहाव्यात आज्जी मध्येच म्हणाली ‘ह्ये नगं ठिवू’, तर तेवढी चार मिनिटं तिच्यासमोरच काढून टाकली, कॉपीसकट. जीव तुटला, पण आयुष्य तिचं आहे.

आता जात्याकडे वळायचंय, म्हणजे दळताना बायका म्हणायच्या त्या ओव्यांकडे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, 2017 पासून त्या पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर येतायत, त्यात ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव असतं, तीच पद्धत मी उचललीये. आज्जीला नुसतं ‘ओवी म्हण’ म्हटलं तर एक ओळ येते आणि थांबते. हात फिरला पाहिजे म्हणते. माळ्यावरचं जातं मामांनी खाली काढून धुवून ठेवलंय, खुंटा तेवढा नवीन बसवायचाय. 1 डिसेंबरला सगळे गावी जमतोय, घुगऱ्या करायच्यात, जातं तेव्हाच मांडू. घरघरीत आवाज दबणार हे नक्की, त्यामुळे या वेळी दोन फोन नेणार, एक तिच्या तोंडाजवळ आणि एक लांब. जात्यावरचा आवाज कुणी नीट टिपला असेल तर माईक किती अंतरावर ठेवला होतात ते सांगा.