आमची वाटचाल : धार, तेल आणि समोरचं दुकान

आम्ही आधी धार लावणारे होतो, मग दुरुस्तीवाले झालो आणि चेनसॉ (लाकूड कापायचं फिरत्या चेनचं मशीन) विकायला लागलो ते सगळ्यात शेवटी. हा क्रम मुद्दाम सांगतोय, कारण आज या धंद्यात सगळं उलटं चालतं. आधी मशीन गळ्यात मारायचं, दुरुस्तीला आलं की हात वर करायचे, आणि धार म्हणजे काय ते विचारूच नका.

आमचं भांडवल म्हणजे बाकाला ठोकलेला एक वाइस, गोल कानसांचा जुडगा आणि माझा भागीदार. त्याला सगळे मिस्त्रीच म्हणायचे, मीही. तीन-अष्टमांश इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांचं माप) चेनला साडेपाच मिलीमीटरची कानस, पॉइंट तीनशे पंचवीसला 4.8 ची, छोट्या लो-प्रोफाइल चेनला 4 ची. यात त्याने कधी तडजोड केली नाही. कानस एकाच दिशेने, आतून बाहेर, तीस अंशांत. एका दाताला तीन हात मारले की सगळ्या दातांना तीनच, नाहीतर चेन एका बाजूला ओढते आणि काप वाकडा जातो. मग पट्टी ठेवून डेप्थ गेज, म्हणजे दातापुढचा उंचवटा, बघायचं. ते दाताच्या टोकापेक्षा साधारण 0.65 मिलीमीटर खाली हवं. जास्त उतरवलं की चेन लाकडात दात रोवून झटके देते, कमी उतरवलं तर नुसती घासत बसते. काप चालू असताना मिस्त्री लाकडाकडे बघायचाच नाही, खाली काय पडतंय ते बघायचा. पीठ पडलं की चेन काढ. जाडसर कीस पडला की चालू दे.

(आजच्या चेनचा हा वळलेला दात 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला सुचला. ओंडक्यातली अळी डावी-उजवी कुरतडत कशी पुढे सरकते, ते बघून. मिस्त्रीला ही गोष्ट फार आवडायची. गिऱ्हाईक घाईत असलं तरी सांगायचाच.)

विक्री सुरू केल्यानंतरची काही वर्षं बरी गेली. त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

मग समोर दुकान उघडलं. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. त्याच्याकडे प्रत्येक मशीनवर हा मोठा आकडा: 58, 62, 72 सीसी, म्हणजे इंजिनाचं आकारमान. बार (चेन ज्याच्यावर फिरते ते पातं) लांबलचक, रंग भडक. सरपण फोडणारा माणूस आमच्याकडे यायचा, आमचं 50 सीसीचं मशीन उचलून बघायचा आणि म्हणायचा, "समोर बासष्टचं मिळतंय की!" एकदा असलंच एक 62 चं मशीन आमच्याकडे दुरुस्तीला आलं. मिस्त्रीने सिलिंडर उतरवला, व्हर्नियर लावला आणि मला म्हणाला, "लिही." बोअर (सिलिंडरचा व्यास) 45.2 मिलीमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 34. हिशोब केला तर साडेचौपन्न सीसी. बाकीचे साडेसात सीसी स्टिकरमध्ये होते. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

ताकदीचं मशीन घ्यायला माझा विरोध नाही. उलट ज्याला रोज दीड-दोन फुटी बुंध्याचं कडक लाकूड कापायचंय त्याने 60 ते 70 सीसीच घ्यावं, तीन-अष्टमांश चेन आणि वीस इंची बार लावून. त्याहून बारीक ओंडके कापायचे असतील तर 50 सीसी आणि सोळा-अठरा इंच पुरे झाले. साडेचौपन्नच्या इंजिनाला बावीस-चोवीस इंची बार जोडला की चेन रडते, तेलाचा पंप टोकापर्यंत पोचत नाही, बार निळा पडतो. वजनाचंही बघा. सत्तर सीसीचं चांगलं मशीन बार-चेनशिवाय सहा किलोच्या आसपास भरतं, टाकी भरली की आणखी. संध्याकाळी हात थरथरायला लागला की चुका सुरू होतात.

आता मूळ दुखणं. एका ठेकेदाराने आमच्याकडून बरीच मशिनं एकदम उचलली, निम्मी उधारीवर. हंगाम सुरू झाला आणि एकामागून एक मशीन परत यायला लागलं. सगळी सीझ, म्हणजे पिस्टन आतच अडकून बसलेला. ठेकेदाराने उधारी दाबली, वितरकाने वॉरंटी नाकारली आणि समोरच्याने गावभर केलं की यांचा मालच तसला. आमच्या दाराशी उभं असलेलं गिऱ्हाईक वळून समोर जाताना मी बघत होतो.

मिस्त्रीने सगळी मशिनं बाकावर मांडली. पिस्टनला धुराच्या बाजूने उभे ओरखडे, रिंग खाचेत चिकटलेली. क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) सीलमधून हवा खेचली जात असेल तर मिश्रण पातळ होऊन, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी पडून, असंच होतं, म्हणून आधी दाब देऊन सील तपासली. कुठेही गळती नाही. मग त्याने क्रँककेसमध्ये बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. कोरडं ठणठणीत. टू-स्ट्रोक इंजिनात बेअरिंगपासून पिस्टनपर्यंत सगळं पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलावर जगतं. तिथे तेलाचा मागमूस नव्हता.

ठेकेदाराच्या माणसांकडून इंधनाचा डबा मागवला. तयार मिश्रणाचा, छान रंगीत, समोरच्या दुकानातला. उघड्यावर, आगीपासून लांब, पांढऱ्या कागदावर एक थेंब त्या डब्यातला टाकला आणि शेजारी एक आमच्या मिश्रणाचा. आमचं पन्नासास एक, म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर तेल. दोन्ही थेंब उडून गेल्यावर आमच्या जागी तेलकट डाग राहिला. दुसरा कागद स्वच्छ. रंग होता, तेल नव्हतं.

एवढं दाखवूनही ठेकेदाराने पैसे दिले नाहीत. वितरकाने कागदाचा फोटो बघून "इंधनाचा दोष वॉरंटीत बसत नाही" म्हटलं, जे खरंही होतं. आणि समोरच्याने तो डबा आपला नाहीच म्हणून सांगितलं. सुटे भाग घ्यायला पैसे नव्हते, दुकानाचं भाडं थकलं, मिस्त्रीने स्वतःची हत्यारं विकायची तयारी केली.

तेव्हा वखारवाले काका आले. जळणाची मोठी वखार, चार मशिनं कायम चालू. बाकीचे ओंडका थेट जमिनीवर टाकून कापायचे आणि चेन मातीत घालून बोथट करून आणायचे. काकांकडे मात्र लाकडाची घोडी होती, प्लास्टिकच्या पाचरी होत्या, आणि बार दर धारेला उलटा फिरवायची शिस्त होती. ओंडका दोन टोकांवर टेकला असेल तर वरून तिसरा हिस्सा कापायचा, मग खालून. हे त्यांनी आपल्या पोरांना स्वतः उभं राहून शिकवलं. बारच्या नाकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडावर येतं, म्हणून चेनब्रेक (असं उसळलं की चेन थांबवणारा ब्रेक) बिघडलेलं मशीन ते चालूच करू द्यायचे नाहीत. असा माणूस कागद बघून म्हणाला, "मला हे दाखवू नका, मला ठाऊक आहे. वर्षभराची धार आत्ताच लिहून घ्या." आणि सगळे पैसे आगाऊ ठेवले. वर मिस्त्रीला म्हणाले, "हत्यारं विकलीत तर माझी चेन दातांनी घासणार का?"

त्या पैशांतून सिलिंडर-पिस्टन आणले आणि ठेकेदाराची मशिनं आम्ही सेकंडहँड म्हणून उभी केली. त्यातली काही अजून चालतात. काम संपल्यावर गरम चेन सैल करून ठेवायची, एवढं मात्र गिऱ्हाइकांना बजावून सांगतो. थंड होताना ती आवळते आणि क्रँकला ओढते.

समोरचं दुकान पुढे बंद झालं. बासष्ट आणि बहात्तरवाली मंडळी आता आमच्याकडे येतात, भाग मिळत नाहीत म्हणून कुरकुरत. दुरुस्त करून देतो. पण इंधन कागदावर टाकून बघितल्याशिवाय दोरी ओढत नाही, आणि बिल आधी घेतो.